बर्फातली वाटणी

लिफ्टचं दार मिटता मिटता कुणीतरी मधे हात घातला, दार पुन्हा उघडलं आणि ठमीची आई आत आली. मला बघून तिचा चेहरा असा काही उजळला की मी मागं वळून पाहिलं, आपल्या पाठीशी दुसरं कुणी उभं आहे की काय. कुणी नव्हतं. लिफ्टमध्ये आम्ही दोघीच. "फोन आला," ती म्हणाली, "आज आमच्या ठमीला लिव्हर मिळतंय." आणि तिनं माझं मनगट जे धरलं ते लिफ्ट थांबेपर्यंत सोडलं नाही. मी काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक "हो का" म्हणाले असेन. मोठ्या बातमीला माझ्या तोंडून नेहमी असंच काहीतरी चिल्लर निघतं. फोन मलाही आला होता. बाळाला पाजत होते, तसाच खांदा आणि कान यांच्यामधे धरून घेतला होता. मला शिकवणाऱ्या सर्जन बाईंचा होता. आज एका लिव्हरचे दोन करायचेत, बाई म्हणाल्या होत्या, आणि कापायचं तू. एवढंच बोलून त्यांनी ठेवून दिला, आणि मी बाळाच्या टाळूवर ओठ टेकून कितीतरी वेळ तशीच बसून राहिले, आनंदानं की भीतीनं ते मलाच ठरवता येईना. पण ते दोन तुकडे ज्यांना जायचे त्यांतलं धाकटं म्हणजे ठमी, हे मला लिफ्टमध्ये कळलं. आणि ते मला कळायला नको होतं.

आमच्याकडे एक शिरस्ता आहे. तो कुठं लिहिलेला नाही, पण बाईंनी घालून दिलाय म्हणून कायद्याहून कडक आहे. गेलेल्या माणसाचं लिव्हर दोघांत वाटायचं असेल, डावीकडचा लहान तुकडा एखाद्या मुलाला आणि उजवीकडचा मोठा भाग एखाद्या मोठ्या माणसाला, तर कापणाऱ्यानं त्या दोघांपैकी कुणालाही आधी पाहायचं नाही. मुलाचं ऑपरेशन करणारे वेगळे, मोठ्याचं करणारे वेगळे, आणि मधल्या खोलीत बर्फाच्या भांड्यात हात घालून उभा राहणारा तिसरा. तो कुणाचाच नाही. दोन ऑपरेशनच्या खोल्यांत उघडणारी दोन दारं असलेली ती मधली खोली इतकी लहान आहे की टेबल, दिवा आणि माणसं मावली की श्वासालासुद्धा जागा विचारावी लागते. माणूस डोळ्यांनी पाहिला की हात झुकतो, असं बाईंचं म्हणणं. झुकल्याचं इतरांना दिसतं, हाताला तेवढं कळत नाही. मला ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जरा नाटकी वाटलं होतं. आपण काय वाणसामान तोलतोय, की तराजू झुकायचा? रेघ स्कॅनवर ठरते, रक्तवाहिन्या जशा असतात तशा असतात, हाताचा त्यात काय संबंध. तेव्हा मी नवी होते. मूलही नव्हतं.

ठमीला मी पाहिलं ते दूध काढायच्या खोलीमुळं. चादरींच्या कोठाराशेजारी ती खोली आहे, दोन खुर्च्या आणि एक लहान फ्रिज. रजा संपवून मी कामावर आले तेव्हापासून दुपारी तिथं जाऊन बसते. दोन खुर्च्या एकमेकींकडं अर्धवट पाठ करून ठेवलेल्या आहेत, म्हणजे लाज राखली जाते आणि गप्पाही मारता येतात. दुसऱ्या खुर्चीत ती असायची. आमचे दोन पंप कधीच एका तालात चालले नाहीत. तिचा घाईचा, माझा दमलेला. एकदा तिनं विचारलं, तुमचं बाळ कुठल्या वॉर्डात आहे? घरी आहे, बरं आहे, असं म्हणताना मला उगाचच चोरट्यासारखं झालं. मग तुम्ही इथं ऑफिसात असाल, ती म्हणाली, आणि मी नाही म्हटलं नाही. तिच्या मुलीला आईचं दूध अजून चालत नव्हतं. पित्त आतड्यात उतरायची वाटच जन्मापासून बंद, त्यामुळे अंगी न लागणारी चरबी टाळून केलेली खास पावडर नळीनं पोटात जायची. तरीही ही रोज नेमानं दूध काढायची आणि बरंचसं बेसिनमध्ये ओतून द्यायची. मी न विचारताच म्हणाली, आटायला नको ना, उद्या लागलं तर? त्या दिवशी मी घरी गेल्यावर माझ्या बाळाला जरा जास्तच वेळ पाजलं. सासूबाई म्हणाल्या, पुरे कर, ओकेल. ओकला.

आणि एक दिवस ती ठमीला घेऊनच आली. ठमी कसली, काडी होती. पोट तेवढं ढोलकीसारखं ताणलेलं, त्यावर निळ्या शिरांचं जाळं, आणि डोळ्यांचं पांढरं असतं तिथं पिवळं. मी खरं तर तेव्हाच उठून जायला हवं होतं. लिव्हरची वाट बघणाऱ्यांच्या यादीत अशी मुलं फार नसतात, आणि शिरस्ता मला पाठ होता. पण तिनं माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी मुठीत धरली आणि तोंडात घातली, आणि जे मूल दोरी चोखतंय त्याच्या मुठीतून ती सोडवून घेणं मला जमत नाही. कुणाला जमत असेल तर असो.

लिफ्टमधून उतरल्यावर मी जिन्याच्या कठड्याशी थोडी थांबले. बोलावं की बोलू नये? बोलले तर बाई मला बाजूला करणार. दुसरं कुणी नाही म्हणून स्वतः कापणार, आणि ते तर आणखी वाईट, कारण ठमीला बाईंइतकं कुणीच ओळखत नव्हतं. जन्मल्यापासून ती त्यांच्याच हाताखाली होती. शिवाय बर्फात हात घालून एवढा वेळ कापायचं आणि मग त्याच बधिर बोटांनी ठमीची दोऱ्याएवढी धमनी शिवायची, म्हणजे... आणि हे सगळं खरं असलं तरी मला कापायचं होतं, हेही खरं होतं. किती दिवस मी ह्याच्यासाठी काढले होते. बाईंनी मला गाठ मारायला शिकवलं ते बर्फाच्या पाण्यात हात बुडवून. बोटं बधिर झाल्यावर शिवणाच्या दोऱ्यानं गाठी मारायच्या, डोळे मिटून, आणि बाई शेजारी उभ्या राहून चहात बिस्किट बुडवणार. गाठ सैल पडली की बोलायच्या नाहीत, नुसतं बिस्किट चावणं थांबवायच्या. मी पोटुशी होते तेव्हा टेबलाशी नीट पोचेना, तर त्यांनी टेबलच थोडं तिरकं करून घेतलं. मला म्हणाल्या, तू वळू नकोस, टेबलाला वळू दे. आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणतो. त्यांची उंची इतकी कमी की ऑपरेशनला त्यांच्या पायाखाली पाट लागतो. ह्या बाईंपासून काही लपवायचं म्हणजे मला स्वतःपासून लपवण्याहून अवघड.

कपडे बदलायच्या खोलीत त्या केस टोपीत कोंबत होत्या. मी सांगून टाकलं. लिफ्ट, खुर्च्या, दोरी, सगळं. त्यांनी आरशातूनच माझ्याकडं पाहिलं. नाव विचारलं का, म्हणाल्या. मी म्हटलं, घरचं तेवढं माहीत आहे. मूल उचलून घेतलंस? मांडीवर घेतलं होतं. थोडा वेळ त्या टोपीच्या नाड्याच बांधत राहिल्या आणि मला वाटलं, झालं, आता घरी जायचं.

"मग दुसऱ्यालाही बघून ये," बाई म्हणाल्या. "लिव्हरची पेटी यायला अवकाश आहे. एकालाच बघितलंस तर झुकशील. दोघांना बघितलंस तर निदान मधे लोंबकळत तरी राहशील."

दुसरा माणूस गाडी शिकवणारा होता. खिडकीजवळच्या पलंगावर उशांना टेकून बसला होता आणि कंगव्याच्या पाठीनं दंड खाजवत होता. लिव्हर गेलं की अशी खाज सुटते, चामडीच्या आत, जिथं नख पोचत नाही. डोळे ठमीसारखेच पिवळे. मला तेच आधी दिसलं आणि मी दचकले, जणू दोघांचं काही नातं असावं. बायको खाली कसल्याशा सह्या करायला गेली होती. तुम्ही कोण, त्यानं विचारलं. मी कापणार आहे, मी म्हटलं. तो म्हणाला, मला? मी म्हटलं, नाही, लिव्हरला. ह्यावर तो हसला आणि हसताना त्याला पोट धरावं लागलं. सांगू लागला, इतकी वर्षं शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून त्याच्या उजव्या पायाला अशी सवय झालीय की नर्स स्ट्रेचर जोरात ढकलू लागली तर पलंगावर त्याचा पाय ब्रेक दाबतो. शिकवायच्या गाडीत शेजारच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, ठाऊक आहे ना? ठाऊक होतं. मी स्वतः तशाच गाडीत शिकले होते आणि तो ब्रेक माझ्यासाठी बराच वापरला गेला होता. मग त्यानं दाराकडं पाहिलं. बायको येत नाहीये ह्याची खात्री केल्यासारखं.

"एक विचारू?" तो म्हणाला. "यादीत पहिलं नाव माझं होतं. आख्खं मला मिळायचं होतं. मोठे डॉक्टर म्हणाले, एक लहान बाळ आहे, वाटून घ्याल का. बायको समोर उभी, नर्स उभी, आणि बाळ म्हटल्यावर नाही कोण म्हणेल? हो म्हणालो. आता कुणी नाही म्हणून विचारतो. मला कमी पडणार नाही ना?"

मला त्याला थोपटून "छे छे" म्हणता आलं असतं. त्याऐवजी मी खुर्ची ओढून बसले आणि त्याला नीट सांगितलं. तुमचा भाग मोठा, चारातले तीन वाटे म्हणा. तेवढ्यावर तुमच्या अंगाचं भागतं, आणि लिव्हर हा एकच अवयव असा की उरलेल्यातून पुन्हा भरून येतो. पण आख्खं असतं तर त्याला कापलेली बाजू नसती. तुमच्याला असेल. त्या बाजूनं रक्त झिरपू शकतं, पित्त गळू शकतं. बहुतेक वेळा तसं होत नाही. होणारच नाही असं मला म्हणता येत नाही. तो ऐकत होता, कंगवा मुठीत. बरं केलंत, म्हणाला, गोड बोलला नाहीत. मग त्यानं माझ्याकडं जरा निरखून पाहिलं, आणि मला कळलं की हा माणूस आयुष्यभर हेच करत आलाय. पहिल्यांदाच ना, त्यानं विचारलं. पहिल्यांदा गाडी हातात घेणारे असेच खुर्चीच्या कडेवर बसतात. मी मागं सरकून बसले, आणि आम्हा दोघांनाही त्याचं हसू आलं. एकटीनं पहिल्यांदा, मी म्हटलं, शेजारी बाई आहेत. त्यांच्या बाजूला ब्रेक आहे ना, एवढंच त्यानं विचारलं. आहे, मी म्हटलं. तरी मी निघाले तेव्हा त्याचा चेहरा खिडकीकडं वळलेला होता, आणि उजवं पाऊल चादरीखाली हळूच दाबत होतं.

पेटी आली. आत पिशवी, तिच्यात पिशवी, तिच्यात थंडगार द्रावणात ते. उघडण्याआधी बाई दोन्ही तळवे टेबलावर टेकून क्षणभर उभ्या राहतात. नमस्कार नाही, डोळेही मिटत नाहीत, नुसत्या उभ्या राहतात. ज्याचं होतं त्याच्याविषयी आम्हाला एवढंच ठाऊक होतं की तरुण होता आणि त्याच्या माणसांनी हो म्हटलं होतं. रक्त धुऊन काढलेलं लिव्हर लाल नसतं. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं असतं, फिकट, गुळगुळीत, आणि हातात घेतलं की झोपलेल्या मुलासारखं जड. ते बर्फाच्या चुऱ्यात ठेवायचं आणि मग मागच्या बाजूनं, जिथून रक्त आत शिरतं आणि पित्त बाहेर पडतं तिथली एकेक वाहिनी चिमट्यानं मोकळी करायची. हे काम मला फार आवडतं. सगळ्या जगाचा गलबला कमी कमी होत एका धाग्याएवढा होतो. भिंगातून बघताना धमनी आधी दिसतच नाही. मग वाटतं आहे. मग एकदम अशी स्पष्ट दिसते की आधी कशी दिसली नव्हती ह्याचं नवल वाटावं. आणि इथंच ते निघालं, जे स्कॅनमध्ये धड दिसलं नव्हतं. लिव्हरचे आम्ही आठ भाग मानतो. दुसरा नि तिसरा मुलाला जातात, बाकीचे मोठ्याला, आणि चौथा बरोबर सीमेवर. तो मोठ्याच्या वाट्याचा. पण ह्या लिव्हरमध्ये चौथ्याची धमनी उजवीकडून येतच नव्हती. ती डावीतून फुटत होती, ठमीच्या धमनीतून.

बाईंनी पैलवानांना बोलावून घेतलं. मोठ्यांची ऑपरेशनं करणारे आमचे सर अंगानं तसे आहेत, म्हणून ते नाव. त्यांना ठाऊक आहे आणि आवडतंही. ते हात वर धरून दारातून आडवे आत आले, वाकून पाहिलं, आणि भांडायच्या तयारीनंच सरळ झाले. धमनीचं मुख्य खोड मला हवं, म्हणाले, चौथ्याच्या फांदीसकट. ती तुटली तर माझ्या माणसाचा तेवढा भाग सुकणार, आणि तो नेमका कापलेल्या कडेचा. सरळ होतं. पण तसं केलं तर डावी धमनी फांदीच्या पलीकडं तोडावी लागणार, म्हणजे ठमीला मिळणार एक आखूड, काडेपेटीतल्या काडीच्या निम्म्याइतकंही जाड नसलेलं टोक. शिवताना जरा चूक, एक गुठळी, आणि सगळं वाया. बाई कशा भांडतात ते मी पाहिलेलं होतं.

"घ्या," बाई म्हणाल्या.

"आणि तुम्ही?"

"मला बारकीच द्या. मला सवय आहे."

भांडायला आलेल्या माणसाला भांडण मिळालं नाही की तो कसा अवघडतो, तसे पैलवान थोडे तिथंच उभे राहिले. मग नुसतं "बरं" म्हणून, आले तसे आडवे परत गेले. मला वाटलं होतं, वाटणी म्हणजे लिव्हरची वाटणी. त्या क्षणी प्रथमच दिसलं की लिव्हर कसंही वाटलं तरी सारखं होत नाही. एकाचा वाटा लहान असतो नि एकाचा मोठा, आणि तसेच ते असायला हवेत. सारखी वाटून घ्यायची असते ती अडचण. त्या माणसानं हो म्हणून आपला हिस्सा आधीच उचलला होता. आता बाईंनी आपला उचलला, पाटावर उभं राहून, बिस्किट घेतल्यासारखा. मला त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. हात निर्जंतुक होते, म्हणून राहिलं.

मग मी कापू लागले. पुढच्या बाजूला एक पातळ पडदा असतो, त्याच्या किंचित उजवीकडून रेघ. वरचं तलम आवरण सुरीनं नुसतं चिरायचं, आणि पुढं सुरी नाही. आतलं मांस हलक्या हातानं बाजूला सारत जायचं, की मधे आडवे येणारे तंतू उघडे पडतात, कोळ्याच्या जाळ्यासारखे. प्रत्येक तंतूला दोन गाठी, आणि मग मधे काप. एक गाठ त्याची, एक तिची. दोन गाठी, काप. बोटं गेली होती कधीच. आता जे चालू होतं ते बोटांच्या आठवणीवर. घरी ह्या वेळी बाळ उठतं. उठून आधी रडत नाही, पंख्याकडं बघून काहीतरी बोलतं, कुणी आलं नाही तर मग रडतं. मी त्याचा विचार करत नव्हते, शपथेवर सांगते. मी ठमीच्या त्या आखूड टोकाचा विचार करत होते, की एवढंसंच मिळालं तिला, आणि तोंडात दोरी, आणि रोज बेसिनमध्ये ओतलं जाणारं ते दूध. तेवढ्यात माझ्याच अंगात पान्हा फुटला. गाऊनच्या आत कोमट ओल पसरली, त्या एवढ्या गारठ्यात, आणि क्षणभर मला ते बरं वाटलं. दोन गाठी, काप.

"थांब," बाई म्हणाल्या.

मी थांबले.

"कुठं चाललीस?"

मी पाहिलं. रेघ पडद्यापासून हळूहळू लांब गेली होती. चूक म्हणावी अशी नाही, वळण म्हणावं अशी. उजवीकडं. ठमीच्या बाजूला एक पट्टी जास्त येत होती.

"धमनी बारीक मिळाली म्हणून मांस जास्त देतेस?" बाईंचा आवाज चढला नव्हता. "तिचं पोट केवढं? तिथं हे मावलं नाही तर मी ते कुठं ठेवू? दाबून बसवलं की त्यात रक्त जायचं नाही. उपाशी नाही मरणार ती, गुदमरेल. ये परत."

मला वाटतं असला गुन्हा फक्त मूल अंगावर पाजणाऱ्या बाईच्याच हातून व्हावा. चोरी नव्हे, हलगर्जीपणा नव्हे. जास्त वाढणं. घरी रोज हेच करते मी, सासूबाई रोज सांगतात, आणि रोज ते अंगावरच्या कपड्यांवर परत येतं. इथं ते परत येणार नव्हतं. आणि जे मी ठमीला देत होते ते माझं नव्हतंच. खिडकीशी बसलेल्या माणसाचं होतं, त्यानं मनाविरुद्ध हो म्हणून जे राखलं होतं त्यातलं. मी परत आले. जिथून वाट फुटली होती तिथपर्यंत मागं जाऊन पडद्याला धरून नीट सरळ उतरले, आणि उरलेलं काम कसं झालं ते मला आता सांगता येत नाही, इतकं ते नीट झालं. पण ती फसलेली वाट राहिलीच. बोटाच्या पेराएवढी चीर, त्याच्या भागावर, त्याच्या कापलेल्या कडेला. मी ती बारीक टाक्यांनी शिवून घेतली. बाईंनी शिवू दिली. नंतर दोन्ही तुकड्यांत निळं पाणी सोडून गळती तपासली, तेव्हा ठमीचा तुकडा कोरडा राहिला, आणि त्याच्या भागावर, माझ्या टाक्यांच्या शेवटी, एक निळा थेंब आला. आणखी एक टाका. पुन्हा पाणी. ह्या वेळी नाही आला. पण निळं पाणी वेगळं आणि रक्त वेगळं. रक्ताला जोर असतो. माझी चूक मी लपवली नव्हती, शिवली होती. ती त्याच्या पोटात जाणार होती.

दोन भांडी दोन दारांनी गेली. बाई डावीकडच्या दारानं गेल्या, जाताना म्हणाल्या की पैलवानांना तेवढी चीर सांगून ठेवते. मधल्या खोलीत मी आणि वितळणारा बर्फ राहिलो. कापणाऱ्याचं काम इथं संपतं. त्याची कुणी वाट बघत नसतं. मी कपडे बदलले, घरी फोन केला. नवरा म्हणाला, झोपलाय, दोनदा प्यायला, तुझं कसं झालं? मी म्हटलं, अजून व्हायचंय. पुढचा वेळ मी कसा काढला ते बाजूला ठेवू. चहा घेतला, तो गार झाला, दुसरा घेतला. डोळ्यांपुढं तो टाका. शेवटचा टाका मी घट्ट ओढला होता की जरा जास्तच घट्ट? जास्त घट्ट ओढलेला दोरा लिव्हर कापत जातो, लोण्यासारखं. बधिर बोटांना ते कळत नाही.

डावीकडचं दार आधी उघडलं. बाईंची टोपी घामानं भिजली होती आणि भिंगाच्या चष्म्याचे वळ नाकावर उमटले होते. पोट मिटलं, त्या म्हणाल्या. ओढावं लागलं नाही. आणि ती बारकी धमनी? चालतेय, म्हणाल्या, आणि भिंतीला टेकून पहिल्यांदा बसल्या, जमिनीवरच, पाय पसरून, मुलीसारख्या. त्या टोकावर त्यांनी किती वेळ घालवला असेल, केसाहून बारीक दोऱ्यानं, श्वास आवरून, ह्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मी त्यांच्यापुढं चहा धरला. त्यांनी घेतला आणि उजवीकडच्या दाराकडं हनुवटी केली. मी म्हटलं, तिथं मला कुणी बोलावलं नाही. बाई म्हणाल्या, हात घासून घे, बोलावतील.

आणि बोलावलं. मी गाऊन चढवून आत गेले. रक्त सोडून झालं होतं. ते फिकट, पुठ्ठ्याच्या रंगाचं जे मी सकाळी हातात घेतलं होतं ते आता काळपट लाल झालं होतं, भरलं होतं, आणि श्वासाबरोबर हलत होतं. कापलेल्या कडेवर पैलवानांनी कापडाची जाड घडी दाबून धरली होती. बाई म्हणाल्या तू इथं गल्ली चुकलीस, ते म्हणाले, मास्कच्या आत हसत असावेत. मला हसता आलं नाही. बघूया तर, म्हणून त्यांनी घडी उचलली.

माझे टाके होते तिथं. ओळीनं, सकाळी घातले तसे. मी शेवटच्याकडं बघत राहिले. लाल होईल, आता होईल, आता. पैलवानांनी पांढरी कोरडी पट्टी घेतली, त्याच्यावर टेकवली, उचलून मला दाखवली. पांढरीच होती. मग त्यांनी पित्तनळीच्या उघड्या तोंडाकडं बोट केलं आणि तिथं, कुणी काही न करता, एक थेंब जमत होता, सोनेरी, दाट, जमून घरंगळला, आणि त्याच्यामागं दुसरा.

"कामाला लागलं," ते म्हणाले. "ह्याला कमी पडणार नाही. हात लाव."

कापणाऱ्यानं लिव्हर फक्त गार पाहिलेलं असतं. मी तळवा ठेवला. ते गरम होतं, तापल्यासारखं, इतकं की माझी सकाळभर बर्फात राहिलेली बोटं एकदम मुंग्यांनी भरून आली, दुखायला लागली, आणि तरी मी हात काढला नाही.